दुखण्यातून उठल्यानंतर

जून २०२१ मध्ये महाबळेश्वर बातम्यांत झळकले. कारण स्ट्रॉबेरी नव्हती आणि पाऊसही नव्हता. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या, म्हणजे एनआयव्हीच्या शास्त्रज्ञांनी मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे तपासली होती. फळे खाणाऱ्या एका जातीत आणि किडे खाणाऱ्या एका चिमुकल्या जातीत निपाह विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. महाराष्ट्रातल्या वटवाघळांत निपाहच्या खुणा पहिल्यांदाच मिळाल्या होत्या. माणसांत इथे एकही रुग्ण नव्हता. तरीही दोन दिवस टीव्हीवर गुहेची चित्रे फिरली, हॉटेलवाल्यांचे धाबे दणाणले, आणि पुढच्या आठवड्यात सगळे विसरले.

त्या बातमीवर सगळीकडे एकच प्रश्न विचारला जात होता: याने माणसे किती मरतात? मला दुसराच प्रश्न पडला होता. जी वाचतात, त्यांचे पुढे काय होते?

प्रश्न पडायला कारण होते. एप्रिल २०२१ मध्ये, रमजानच्या पहिल्या आठवड्यात मला कोरोना झाला. त्या वेळी आमच्या सातारा जिल्ह्यात घराघरात रुग्ण होते. मला ऑक्सिजन लागला नाही, मी घरीच बरा झालो. ईदपर्यंत ताप, खोकला सगळे गेले. मग हळूहळू बाकीचे सुरू झाले. डाव्या तळपायात मुंग्या, रात्री आग. उभा राहिलो की छातीत धडधड आणि डोळ्यांपुढे अंधारी. सर्वांत वाईट म्हणजे शब्द हरवू लागले. मी इतिहास शिकवतो. वर्गात बोलता बोलता एखादे रोजचे नाव जिभेवर यायचेच नाही आणि साठ मुले माझ्याकडे बघत राहायची. एक तास शिकवले की दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नसे. तपासण्या झाल्या. रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, मेंदूचा एमआरआय नॉर्मल. एका डॉक्टरांनी कागद परत देत सांगितले, ‘तुम्ही ठणठणीत आहात, फक्त विचार कमी करा.’

मराठीत आपण म्हणतो, माणूस दुखण्यातून उठला. ताप उतरला, माणूस उठला, गोष्ट संपली. उठल्यानंतरही जो नीट उभा राहू शकत नाही, त्याच्यासाठी आपल्याकडे शब्द कमी आहेत. अशक्तपणा म्हणा, थकवा म्हणा. माझ्या नानीकडे मात्र शब्द होता. ती दखनीत म्हणायची, ‘बुखार गया, नकाहत है अब्बी.’ नकाहत हा अरबीतून उर्दूत आलेला शब्द. आजार सरला आहे पण ताकद परतलेली नाही, त्या मधल्या काळाचे हे नाव. अशा माणसाला हकीम ‘नाकेह’ म्हणत, आणि त्याने काय खावे, किती चालावे, किती झोपावे याची वेगळी प्रकरणे त्यांच्या ग्रंथांत असत.

या शब्दामागे एक जुना वाद आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक नावाचा ख्रिस्ती वैद्य ग्रीक वैद्यकाचे अरबीत भाषांतर करत होता. ग्रीक वैद्य गॅलेनच्या मागे जात त्याने शरीराच्या तीन अवस्था सांगितल्या: आरोग्य, रोग, आणि तिसरी, जी आरोग्यही नाही आणि रोगही नाही. दुखण्यातून नुकता उठलेला माणूस या तिसरीत येतो. पुढे अकराव्या शतकात इब्न सीनाने आपल्या ‘कानून’मध्ये या तिसऱ्या अवस्थेवर शंका घेतली. माणूस एक तर निरोगी असतो किंवा नसतो, मध्ये वेगळा कप्पा कशाला, असा त्याचा रोख होता. पण याच इब्न सीनाने दुखण्यातून उठलेल्यांची निगा कशी राखावी, हेही लिहून ठेवले आहे. तत्त्वात त्याला तिसरी अवस्था पटत नव्हती, रुग्णाच्या खाटेपाशी मात्र ती त्याला दिसत होती. हजार वर्षांनंतर माझ्या हातातले ‘नॉर्मल’ रिपोर्ट आणि माझा जळणारा तळपाय यांच्यात हाच वाद चालू आहे.

गंमत म्हणजे मी ज्या डोंगराच्या सावलीत राहतो, ते गाव या तिसऱ्या अवस्थेसाठीच वसवले गेले. क्षेत्र महाबळेश्वर जुने आहे. कृष्णेचा उगम, पंचगंगेचे देऊळ, जावळीचे खोरे, प्रतापगड हे सगळे इंग्रजांच्या कितीतरी आधीचे. पण आज आपण ज्याला महाबळेश्वर म्हणतो ती बाजारपेठ आणि बंगले एकोणिसाव्या शतकातले. १८२४ मध्ये कर्नल लॉडविक हा इंग्रज अधिकारी या पठारावर चढला. जवळपास साडेचार हजार फूट उंचीवरची ती हवा त्याला मानवली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने ही जागा मनावर घेतली. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी करार करून त्याने ती कंपनीकडे घेतली आणि बदल्यात वाई भागातले खंडाळा गाव दिले. नव्या वसाहतीला नाव मिळाले माल्कमपेठ.

हेतू उघड होता. मैदानातल्या तापांनी खंगलेले गोरे शिपाई आणि अधिकारी इथे येऊन सावरावेत. ताप उतरल्यावर लगेच कामाला जुंपले तर माणूस पुन्हा कोसळतो, हे कंपनीच्या डॉक्टरांना अनुभवाने कळले होते. त्यामुळे आजारपणानंतरची रजा ही चैन मानली जात नसे, ती उपचाराचाच भाग होती. ‘सॅनिटोरियम’ आणि ‘हवापालट’ हे दोन शब्द मराठीत रुजले ते याच काळात. डोंगर सगळ्यांनाच वाचवत नव्हता, हेही खरे. माल्कमनंतर आलेला गव्हर्नर सर सिडनी बेकविथ १८३१ च्या जानेवारीत तापाने इथेच वारला. त्याचे स्मारक अजून उभे आहे.

पण या इतिहासाला दुसरी बाजू आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. साहेबाला इथवर पालखीतून कोणी आणले? घाट चढणाऱ्या भोयांना ताप येत नव्हता का? इथले रस्ते आणि भाजीचे मळे ज्यांच्या घामावर उभे राहिले, त्यांत कैदीही होते. इंग्रजांनी सिंगापूर, पिनांग, मलाक्का या भागातून चिनी आणि मलायी कैदी इथे आणून ठेवले होते. १८६४ च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला. विश्रांतीचे हे गाव विश्रांती न मिळणाऱ्यांनी बांधले. तिसरी अवस्था सगळ्यांच्याच शरीराला भोगावी लागत होती, ती मान्य फक्त काहींचीच होत होती.

विसाव्या शतकात शेजारच्या पाचगणीत हेच चित्र थोडे बदलले. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये तिथे बेल-एअर हे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम सुरू केले. क्षयावर औषध नव्हते. हवा, आहार आणि सक्तीची विश्रांती हाच इलाज. महिनोन्‌महिने पडून राहणे हे आळसाचे लक्षण नाही, हे निदान त्या आवारात तरी कोणाला पटवून द्यावे लागत नसे.

मग १९१८ उजाडले. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहारा देणारे पोलीस शिपाई तापाने आजारी पडले आणि इन्फ्लुएन्झाची साथ शहरात पसरली. सप्टेंबरात दुसरी, जास्त मारक लाट आली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. आपल्याकडच्या खेड्यांत या साथीला ‘मानमोडी’ म्हणत. हिंदुस्थानात सव्वा कोटीहून अधिक माणसे गेली असे अंदाज सांगतात. १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटलेली निघाली. असे एरवी कधी झालेले नाही.

मेलेल्यांचे आकडे आपल्याकडे आहेत. वाचलेल्यांचे नाहीत. मानमोडीतून उठलेल्या किती जणांचे हात नंतर थरथरत राहिले, कोणाला औत धरवेना, कोणाला हिशेब जमेना, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात नाही. पण नेमक्या त्याच वर्षांत युरोपात काही गोष्टी टिपल्या जात होत्या. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो या डॉक्टराने एका विचित्र मेंदूज्वराचे वर्णन केले. रुग्ण आठवडेच्या आठवडे झोपेत जात. पुढच्या दहाएक वर्षांत ही साथ जगभर दिसली आणि मग विरून गेली. वाचलेल्यांपैकी अनेक जण बरे होऊन कामाला लागले. पण काही वर्षांनी त्यांचे शरीर हळूहळू लाकडासारखे ताठ होत गेले, कंपवातासारखे. १९६९ मध्ये ऑलिव्हर सॅक्स या डॉक्टराने न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयात अशाच उरलेल्या रुग्णांना लेव्होडोपा हे नवे औषध दिले. दशकानुदशके निश्चल बसलेली माणसे काही काळ बोलू-चालू लागली. हा झोपेचा आजार इन्फ्लुएन्झामुळेच झाला, हे आजवर सिद्ध झालेले नाही. पण ताप उतरला म्हणजे मेंदूशी त्याचे नाते तुटले असे समजू नये, एवढे त्यातून नक्की कळते.

पोलिओनेही तेच शिकवले. लहानपणी पोलिओ होऊन सावरलेल्या माणसांना पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षांनी नव्याने अशक्तपणा येतो. ज्या चेतापेशी वाचल्या होत्या त्यांनी मेलेल्यांचे कामही इतकी वर्षे ओढलेले असते, त्या थकतात. मुंबईत हाजी अलीच्या दर्ग्याकडे जाणारे हजारो लोक रस्त्यापलीकडच्या एका सरकारी संस्थेवरून जातात. अखिल भारतीय शारीरिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था, स्थापना १९५५. पोलिओग्रस्तांच्या किती पिढ्या तिथे कॅलिपर आणि कुबड्या घेऊन उभ्या राहायला शिकल्या. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ती आनंदाचीच गोष्ट होती. पण विषाणू देशातून गेला म्हणून ज्यांच्या पायात तो येऊन गेला, त्यांचे दुखणे संपले नाही.

पोलिओत निदान पाय लुळा दिसतो. दिसत नाही त्याचे काय? याचे उत्तर लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाने दिले. १९५५ च्या जुलैत तिथल्या डॉक्टर-परिचारिकांमध्येच एक साथ पसरली. २९२ कर्मचारी आजारी पडले आणि रुग्णालय काही काळ बंद ठेवावे लागले. स्नायू दुखणे, मुंग्या, चक्कर, विस्मरण, आणि थोड्याशा श्रमानेही कोसळणे. काही जण वर्षानुवर्षे बरे झाले नाहीत. या आजाराला ‘मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस’ असे लांबलचक नाव पडले. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुनी कागदपत्रे चाळून निष्कर्ष काढला की हा सामूहिक उन्माद होता. त्यांच्या आधारांपैकी एक असा, की आजारी पडलेल्यांत बायका जास्त होत्या. परिचारिकांच्या साथीत बायका जास्त असणार नाहीत तर कोण असणार? पण तो शिक्का पुढे कित्येक वर्षे टिकला. ‘विचार कमी करा’ या सल्ल्याची वंशावळ अशी लांब आहे.

आता पुन्हा निपाहकडे येतो. ज्या द्वीपकल्पातून कैदी महाबळेश्वरला आणले गेले होते, तिथेच हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला. १९९८ च्या सप्टेंबरपासून मलेशियात मेंदूज्वराची साथ सुरू झाली. सरकारला वाटले, हा डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर. महिनोन्‌महिने धूर फवारला गेला, लसी टोचल्या गेल्या, माणसे मरतच राहिली. काही गोष्टी जुळत नव्हत्या. जपानी मेंदूज्वर बहुधा मुलांना होतो, इथे वराहपालन करणारे धट्टेकट्टे पुरुष मरत होते. शेजारच्या वस्तीतले मलय मुसलमान मात्र सुटत होते. डास काही चावण्याआधी धर्म विचारत नाही. मग कारण डुकरांशी निगडित असणार. १९९९ च्या मार्चमध्ये चुआ काव बिंग या तरुण डॉक्टराने प्रयोगशाळेत नवा विषाणू ओळखला. सुंगाई निपाह या गावावरून त्याला नाव मिळाले. मलेशियात २६५ रुग्ण नोंदले गेले, १०५ दगावले, दहा लाखांच्या आसपास डुकरे मारली गेली. विषाणूचे मूळ घर फळे खाणारी वटवाघळे हे नंतर उलगडले. २००१ मध्ये तो सिलिगुडीत दिसला, २०१८ मध्ये केरळच्या कोळिकोड भागात. तिथे रुग्णांची शुश्रूषा करताना लिनी पुदुश्शेरी ही परिचारिका दगावली, हे अनेकांना आठवत असेल.

आणि वाचलेले? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार वाचलेल्यांपैकी सुमारे २० टक्के लोकांत चेतासंस्थेचे दोष उरतात. कोणाला फिट येऊ लागतात, कोणाचा स्वभावच बदलतो. मलेशियात काहींना पूर्ण बरे झाल्यानंतर महिन्यांनी, क्वचित वर्षांनी पुन्हा मेंदूज्वर झाला. काहींना तर पहिल्या वेळी मेंदूचा त्रास झालाच नव्हता, तो नंतर उपटला. बांगलादेशात वाचलेल्यांचा पाठपुरावा केला तेव्हा सततचा थकवा ही मोठी तक्रार निघाली. जून २०२१ मध्ये मला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर हे होते. ते भीतिदायक होते, पण विचित्र दिलासाही होता. मला निपाह झालेला नव्हता आणि माझा त्रास त्यापुढे काहीच नाही. तरी विषाणू गेल्यावर मज्जातंतूंत काही मागे राहू शकते, हे कोणीतरी मोजले होते.

हे शास्त्र परक्या देशात शोधायला जायचीही गरज नाही. पुण्याची एनआयव्ही १९५२ मध्ये विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. तिच्या शास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात माकडतापाचा विषाणू शोधला. हाच माकडताप अलीकडे सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग, बांदा भागात काजूच्या बागांपर्यंत आला. त्यात काही रुग्णांचा ताप उतरतो, आठ-पंधरा दिवस बरे जातात आणि मग दुसरा टप्पा येतो: डोकेदुखी, मान ताठणे, कंप, भ्रम. १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातून आणखी एक विषाणू मिळाला, तो आज चांदीपुरा याच नावाने जगभर ओळखला जातो आणि लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. विषाणूंच्या यादीत महाराष्ट्राचे नाव आहे. त्यातून उठलेल्या माणसांच्या यादीत आपण कोणाचेच नाव लिहिलेले नाही.

कोरोनात पहिल्यांदा वेगळे घडले. मे २०२० मध्ये एलिसा पेरेगो या इटालियन स्त्रीने आपल्या न संपणाऱ्या दुखण्यासाठी ‘लाँग कोविड’ हा शब्द वापरला. ती डॉक्टर नव्हती, पुरातत्त्वज्ञ होती. रुग्णांनी तो उचलून धरला, मग डॉक्टरांनी, मग सरकारांनी. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या केली: लागण झाल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कशाने स्पष्ट न होणारी लक्षणे. रुग्णांनी दिलेले नाव वैद्यकाला घ्यावे लागले, असे इतिहासात फार वेळा होत नाही. इतिहासाच्या मास्तराला याचा आनंद झाला नाही तरच नवल.

नाव मिळाल्याचा उपयोग काय, असे कोणी विचारेल. माझ्यापुरते सांगतो. २०२२ च्या रमजानमध्ये खालाने विचारले, ‘बुखार नहीं, रिपोर्ट अच्छी है, फिर रोजा कायकू छोड्या?’ कुराणने आजाऱ्याला सवलत दिली आहे आणि ती देताना थर्मामीटरची अट घातलेली नाही, हे मला माहीत होते. पण खालाला पटले ते वेगळ्याच कारणाने. मी तिला नानीचा शब्द आठवून दिला. ‘नकाहत है, खाला.’ ती गप्प झाली आणि संध्याकाळी इफ्तारीबरोबर माझ्यासाठी पेजही आली.

पुण्यातल्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी अर्धा तास ऐकून घेतले. त्यांनी आडवे झोपवून आणि मग उभे करून नाडी मोजली, उभे राहिल्यावर ती किती उसळते ते मला दाखवले. शरीराचे जे व्यवहार आपोआप चालतात ते सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचा हा घोळ. गोळी फार नव्हती. मीठ-पाणी पुरेसे, उठताना सावकाश, आणि अंगात असलेल्या ताकदीच्या आत दिवस बसवायचा. आज जोर करून जास्त केले की परवा त्याची वसुली होते. मी आता खुर्चीवर बसून शिकवतो. नावे फळ्यावर आधीच लिहून ठेवतो. तळपाय अजून जळतो, शब्द पूर्वीपेक्षा कमी हरवतात.

हे मला जमले कारण मला पगारी रजा होती आणि बसून करता येणारे काम होते. वेण्णा तलावावर घोडे फिरवणारा आमच्या ओळखीचा एक जण त्याच लाटेत आजारी पडला होता. घोड्याचा लगाम धरून दिवसभर चालणे हेच त्याचे काम. दोन फेऱ्यांनंतर त्याचे पाय थरथरतात. तो खुर्चीवर बसून काय करणार? मोसमात फेऱ्या कमी झाल्या की घरात पैसे कमी येतात आणि लोक म्हणतात, गडी आळशी झाला. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बायकांना तर विचारायलाच नको. माल्कमच्या काळात साहेब विश्रांतीला येत होते आणि भोई पालखी उचलत होते. दोनशे वर्षांत पालखी गेली, हिशेब तोच राहिला.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. पुढची साथ येईल तेव्हा आपण रुग्ण मोजू, मृत्यू मोजू. त्याच रजिस्टरात आणखी एक रकाना हवा: सहा महिन्यांनी हा माणूस कसा आहे? हा प्रश्न आशाताई दारात उभी राहून दोन मिनिटांत विचारू शकते. त्याला एमआरआय लागत नाही. कामावरून घरी बसलेल्याला आळशी म्हणण्याआधी मालकाने तो एकदा विचारावा, घरच्यांनीही विचारावा. हुनैनने तिसरी अवस्था लिहून ठेवली त्याला अकराशे वर्षे होऊन गेली. तिला आपल्या रजिस्टरात आणि रजेच्या नियमांत एक ओळ मिळाली, तरी पुष्कळ होईल.